मदत हवी आहे: बिअरची ओजी (यीस्ट टाकायच्या आधीची घनता) फारच कमी आलीये, यीस्ट टाकू की थांबू?

मिल्टनकीन्सकर
घाईत आहे, थोडक्यात लिहितो. एक्स्ट्रॅक्टची (डब्यातला तयार माल्टचा पाक) पेल एल लावली आहे. रेसिपीत ओजी १.०५६ दिली आहे, माझी १.०३९ येतेय. सगळं रेसिपीबरहुकूम केलंय. बादली समोर आहे, यीस्टचं पाकीट हातात आहे, आज रविवार म्हणून दुकान बंद. साखर घालून वर आणू का? किती घालू? कृपया लगेच सांगा.

लीड्सकर
एक्स्ट्रॅक्ट किती, पाणी किती, मोजलं तेव्हा तापमान किती? हे तीन आकडे दिल्याशिवाय कुणी काय सांगणार? एक्स्ट्रॅक्टमध्ये साखर कारखान्यातच काढून झालेली असते. डबा नीट खरवडून ओतला आणि पाणी बरोबर असेल तर ओजी चुकायला जागाच नाही. गडबड बहुतेक मोजण्यात असते.

ऑल_ग्रेन_अण्णा
मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं धान्य) किती अंशांवर धरला होता? ६६-६७ च्या खूप वर-खाली गेला असेल तर बघा. आणि धान्य किती बारीक दळलं? माझाही आकडा असाच खाली राहायचा, गिरणीचे रूळ जरा जवळ आणले आणि सुधारला.

मिल्टनकीन्सकर
अण्णा, एक्स्ट्रॅक्ट म्हटलंय वर. कसला मॅश आणि कसली गिरणी?
लीड्सकर, दीड-दीड किलोचे दोन डबे आणि स्प्रेमाल्टचं (माल्टची पावडर) अर्ध्या किलोचं पाकीट. डबे गरम पाण्याने विसळून तेही ओतलंय. पाणी रेसिपीत आहे तेवढंच, पाच गॅलन. तापमान बघितलं नाही, पण हाताला कोमट लागतंय.

ऑल_ग्रेन_अण्णा
म्हणूनच म्हणतो, डब्यांच्या नादी लागू नये. धान्यापासून करा, सगळं आपल्या हातात राहतं.

कोथरूडी
हे घरी करणं कायदेशीर आहे का? पुण्यात फ्लॅटमध्ये सुरू करायचा विचार आहे.

लीड्सकर
@कोथरूडी, इथे ब्रिटनमध्ये १९६३ च्या बजेटात मॉडलिंगसाहेबांनी घरगुती बिअरचा परवाना रद्द केला, तेव्हापासून स्वतःपुरती करायला मोकळीक आहे. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, विनापरवाना गाळणं हा गुन्हा. फ्लॅटबिट विसरा.

@धागाकर्ते, सगळं पाणी एकदम उकळलंत की थोडं उकळून वरून थंड ओतलंत?

म्हापशेकार
आमच्याकडे हे असलं एक-पूर्णांक-शून्य काही नाही. फेणी ग्रावात मोजतात. हुर्राक (पहिल्या धारेची) पंधराच्या आसपास, फेणी एकोणीस-वीस. जुने लोक तर नुसती बाटली हलवून फेस बघतात.

लीड्सकर
काका, तुमचा ग्राव दारूचा जोर मोजतो. हा मनुष्य यीस्ट टाकायच्या आधीची साखर मोजतोय.

मिल्टनकीन्सकर
दहा लिटर उकळलं, बाकी नळाचं थंड पाणी. रेसिपीत तसंच आहे.
फेणीचा वेगळा धागा काढा ना. माझी बादली उघडी पडलीये इथे.

लीड्सकर
उघडी का ठेवलीत? झाकण लावा आधी!

दहा लिटरमधलं पाणी साखरेने जड झालेलं, त्यावर हलकं साधं पाणी. नुसतं ओतून दोन्ही एकजीव होत नाहीत. तुम्ही नमुना वरून घेतला असणार, म्हणजे पाणीच मोजलंत म्हणा ना. निर्जंतुक केलेल्या लांब दांड्याच्या चमच्याने तळापासून जोरात ढवळा. यीस्ट अजून पडलेलं नाही, हवा मिसळली तर उलट चांगलंच. मग नमुना घेऊन तापमानासकट आकडा द्या. हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) २० अंशांच्या साध्या पाण्यात १.००० दाखवतो का तेही बघा.

ट्रिपेल_तात्या
एवढा घोळ कशाला? अर्धा किलो साखर थोड्या पाण्यात उकळून ओता, आठेक पॉइंट (म्हणजे ०.००८) वर येईल. बेल्जियमवाले ट्रिपेलमध्ये (त्यांची कडक बिअर) खुशाल साखर घालतात.

लीड्सकर
तात्या, ट्रिपेलचं यीस्ट वेगळं, रेसिपी वेगळी. पेल एलमध्ये नुसती साखर वाढवली की अंग जातं, पाणचट लागते. आणि खरा आकडा कळायच्या आत काही ओतायचं कशाला?

ट्रिपेल_तात्या
पाणचट म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे येऊन प्यावी, मग बोलावं.

मिल्टनकीन्सकर
ढवळलं. आता १.०४४, तापमान ३३. हायड्रोमीटर पाण्यात बरोबर दाखवतोय. ५६ तरीही नाहीच. उरलेले बारा पॉइंट गेले कुठे? गणित नको, उपाय सांगा.

न्यूजर्सीचा_नाना
थोडं गणित लागेलच रे. हायड्रोमीटर २० अंशांचा, वर्ट (यीस्टआधीचं गोड पाणी) ३३ अंशांवर, म्हणजे साडेतीन-चार पॉइंट मिळव. तुझी खरी ओजी १.०४८ च्या जवळपास आहे.

आता दोन गोष्टी बघून सांग. रेसिपी पौंडात आहे का? आणि बादलीवर पाच गॅलनच्या रेघेसमोर लिटर किती लिहिलेत?

मिल्टनकीन्सकर
पौंडातच आहे. ६.६ पौंड डब्यातलं, १ पौंड पावडर. बादलीवर पाच गॅलनची रेघ २३ लिटरच्या किंचित खाली आहे. का?

न्यूजर्सीचा_नाना
मग सापडलं. रेसिपी इकडची आहे. आमचा गॅलन ३.७८५ लिटरचा, तुमचा ४.५४६ चा. रेसिपीला १८.९ लिटर हवं होतं, तू २२.७ भरलंस.

एक किलो डब्यातलं एक्स्ट्रॅक्ट एक लिटरमध्ये धरलं तर साधारण ३०० पॉइंट देतं, पावडर ३६५. तीन किलोचे ९००, अर्ध्या किलोचे १८०, एकूण १०८०. भागिले १८.९ केलं तर ५७. भागिले २२.७ केलं तर ४८ ला जरा कमी. तुझा आकडा तोच आहे. एक कणही कुठे गेलेला नाही.

मिल्टनकीन्सकर
रेसिपीवाल्याला लिटर लिहायला काय धाड भरली होती? बरं, आता साखर की दुसरं काही?

ट्रिपेल_तात्या
साखर.

न्यूजर्सीचा_नाना
काहीही नको. हॉप्सचा कडूपणाही जवळपास त्याच प्रमाणात पातळ झालाय, म्हणजे तोल शाबूत आहे. १.०११ च्या आसपास थांबली तर पावणेपाच-पाच टक्के होईल, छान पिण्याजोगी. नुसता गोडवा वाढवलास तर कडूपणा मागे पडेल. फारच सलत असेल तर उद्या अर्धा किलो स्प्रेमाल्ट आणून उकळून घाल, पण त्यासाठी रात्रभर यीस्ट अडवू नकोस. नुसत्या वर्टवर दुसरंच काहीतरी वाढायचं.

फक्त ३३ अंशांवर यीस्ट टाकू नकोस. बादली थंड पाण्याच्या टबात ठेव, २० च्या आसपास आली की टाक.

लीड्सकर
नानांना +१. शिवाय साताठ बाटल्या जास्त मिळतायत, तक्रार कसली?

कोथरूडी
आणि बिनअल्कोहोलची केली तर चालेल का?

मिल्टनकीन्सकर
टबात ठेवलीये. २६ झालंय.

न्यूजर्सीचा_नाना
बादली किती लिटरची आहे?

मिल्टनकीन्सकर
२५.

न्यूजर्सीचा_नाना
मग वर जागाच नाही. दोन दिवसांत फेस एअरलॉकमधून (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी नळी) वर येईल. एअरलॉक काढून जाड नळी बसव, तिचं दुसरं टोक सॅनिटायझरच्या बाटलीत बुडव आणि बादलीखाली जुना टॉवेल अंथर. गालिच्यावर ठेवली असशील तर आत्ताच हलव.