मुरमाड माळावरून उडवायला पहिलं आरसी वॉरबर्ड (जुन्या लढाऊ विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल) कोणतं घ्यावं? मदत हवी आहे

परभणीजवळ उडवतो, ट्रेनर (शिकायचं विमान) अन् लो विंग (खाली पंख असलेलं) स्पोर्ट प्लेन आता निवांत उतरतंय म्हणून 1200 एमएमच्या आसपास पंखविस्ताराचं फोमचं वॉरबर्ड घ्यायचंय. मन स्पिटफायरवर आहे पण त्याची चाकं जवळजवळ असतात अन् आमचा रनवे म्हणजे मुरमाड माळ, कडंला काळ्या रानातली ढेकळं. मित्राचं मस्टँग उडवून पाहिलं, मोठी चाकं बसवली, सीजी (वजनाचा तोल) तपासला, उतरल्यावर एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) वर धरला तरी वेग कमी झाला की नाकावर जातंय, प्रॉप (पुढचा पंखा) तुटतोय. पोटावर उतरवायला इथं गवत नाही, फोम खरवडून निघतो. बॅटऱ्या 4एस 2200 (चार सेलच्या, 2200 एमएएच) च्याच वापरायच्यात, रिट्रॅक्ट (उडताना आत जाणारी चाकं) नकोत. टी-28 या वॉरबर्डला पुढं, नाकाखाली चाक असतं, पण त्याचा पाय अशा मुरमात टिकतो का, की स्पिटफायरचीच चाकं थोडी पुढं घेऊन भागंल?