आमचा समुद्र सुरतेचा

कुणीतरी लिहिलंय, 'खान्देशवाल्यांना कुठला आलाय समुद्र!' अहो, आम्हा नंदुरबारकरांना मुंबईपेक्षा सुरत जवळ. पहाटेची पॅसेंजर, फडक्यात दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. नवापूरला गाडी थांबली की आम्ही पोरं फलाटावर एक पाय महाराष्ट्रात, एक गुजरातेत ठेवून उभी (स्टेशनच हद्दीवर आहे ना!). सुरतेहून पुढे डुमसचा समुद्रकिनारा. वाळू काळी, आणि ओहोटी असली तर पाणी पार लांब, समोर नुसता चिखल. आजी पहिल्यांदा आली ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पानी कोठे शे?" टमाट्याची भजी मात्र तिला पटली. आपली प्रकाशा गावची तापी नदी इथेच जवळ समुद्राला मिळते, असं नानांनी सांगितल्यावर तिनं त्या चिखलालाच हात जोडले.