ईपीबीएक्सचे अलार्म कार्डावर लावायचे की सेवेवर?

चौथा_स्लॉट: मोठ्या ईपीबीएक्समध्ये (ऑफिसच्या स्वतःच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये) देखभालीसाठी प्रत्येक भागाची नोंद वेगळी असते: कार्ड (स्लॉटमध्ये बसणारा बोर्ड), त्यावरचा एकेक पोर्ट, ट्रंक ग्रुप (बाहेरच्या लाइनींचा गट), टोन सर्किट (डायलटोनसारखे आवाज देणारं), पॉवर सप्लाय. प्रत्येकाचा एरर काउंटर वेगळा, टेस्टही वेगळ्या. पत्ता कॅबिनेट-कॅरिअर (कॅबिनेटमधला कप्पा)-स्लॉट-पोर्ट असा. मॉनिटरिंगमध्येही हीच मांडणी हवी. नुसतं ‘बाहेरचे कॉल लागत नाहीत’ असं स्क्रीनवर आलं, तर हात कुठल्या कार्डाला घालायचा?

डायलटोन: अजिबात पटलं नाही. ई१ची (३० चॅनेलच्या डिजिटल लाइनची) केबल निघाली की ३० चॅनेलचे ३० अलार्म, वर बोर्डाचा एक. त्या गर्दीत पॉवर सप्लायचा मेजर (गंभीर) अलार्म कोण बघणार? अलार्मचा दर्जा ट्रंक ग्रुपवरून ठरवा. ३०पैकी २ चॅनेल गेले तर मायनर (किरकोळ). दोनच ॲनालॉग लाइन असतील आणि दोन्ही गेल्या तर मेजर. आणि सिप ट्रंकला (डेटा नेटवर्कवरून येणाऱ्या बाहेरच्या लाइनला) स्लॉट कुठला हो?

चौथा_स्लॉट: सिप ट्रंकचा मुद्दा मान्य. बाकी गर्दीचं म्हणाल, तर बोर्ड पडल्यावर त्याखालच्या पोर्टांचे अलार्म दाबायचे, एवढंच. पण स्लिप सेवेच्या पातळीवर दिसतच नाही. सिंकचा सोर्स (ज्या घड्याळाशी एक्स्चेंज जुळवून घेतं ते) चुकला तर मधूनच १२५ मायक्रोसेकंदांची एक फ्रेम (डेटाचा तुकडा) गळते किंवा दोनदा येते. बोलणाऱ्याला फार तर बारीकशी टिक ऐकू येते, फॅक्स मात्र अर्ध्यात तुटतो. ट्रंक ग्रुप हिरवाच! काउंटर वाढतो तो कार्डावर.

रॅकखालचा: भांडा, पण दोष कार्डाच्या आत की बाहेर, हा रकाना दोघांच्याही मांडणीत नाही. सिग्नल गेल्याचा अलार्म कार्डाच्या पत्त्यावर येतो, म्हणून चांगली कार्डं उगाच बदलली जातात. आधी पोर्ट बिझी-आउट करा (हाताने बंद ठेवा), एमडीएफवर (बाहेरच्या केबल जिथे जोडतात त्या फ्रेमवर) लूप मारा, म्हणजे जाणारा सिग्नल तिथूनच परत फिरवा. अलार्म गेला तर कार्ड आणि तिथपर्यंतची केबल ठीक, दोष पलीकडे. नाही गेला तर लूप कार्डाच्या कनेक्टरवर मारून बघा. काम झाल्यावर पोर्ट रिलीज (पुन्हा चालू) करायला विसरू नका. बिझी-आउटचा बऱ्याच सिस्टिममध्ये नुसता वॉर्निंग लागतो आणि वॉर्निंग पुढे पाठवणं बहुतेकांनी बंद ठेवलेलं असतं. पोर्ट महिनोन्‌महिने मेलेला राहतो.

डायलटोन: म्हणूनच तर ग्रुपवर मोजा म्हणतोय: ‘३०पैकी २६ चालू, ४ हाताने बंद’.

चौथा_स्लॉट: मोजा की. फक्त त्या चारांचे पत्ते त्याच ओळीत द्या.