मदत हवी आहे: गिनीपिग एकटी पडलीय, अजून तीन घ्यायचे का? (सोलापूर, रविवारपर्यंत सांगायचंय)

चिंगीची_आई
नमस्कार. पटकन सल्ला हवा आहे. आमच्याकडे दोन गिनीपिग होत्या, त्यातली एक गेल्या महिन्यात गेली. उरलेली चिंगी तेव्हापासून कोपऱ्यात बसून असते. आधी फ्रिजचं दार उघडलं की शिट्ट्या मारायची, आता हूं की चूं नाही. ओळखीतलं एक कुटुंब बदली होऊन नागपूरला चाललंय. त्यांच्याकडे तीन आहेत, पिंजऱ्यासकट द्यायला तयार आहेत. रविवारी सामान निघणार. तिन्ही घ्यावेत, एकच घ्यावा, की नकोच? मुलगी रोज विचारते. मिस्टर म्हणतात, पुन्हा जीव लावायचा आणि पुन्हा रडायचं, नको. ज्यांनी पाळलेत त्यांनीच सांगा. ससा घ्या वगैरे नको.

हराळी
नर की मादी? वयं काय? पिंजरा केवढा आहे? पहिली कशाने गेली? चिंगी खाते का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पेठेतला_पप्पू
घ्या की ताई, लै विचार कशाला! तिघांना असं किती लागतंय, कोथिंबिरीच्या काड्या, काकडीची सालं. आमच्याकडे एक जोडी आणली होती, बघता बघता घर भरलं. पोरं खूश.

निवांत_काका
त्यापेक्षा पोपट पाळा. बोलतो, मुलांना विरंगुळा होतो आणि वर्षानुवर्षं जगतो. आमच्या वाड्यात राघू होता, आल्यागेल्याला नावाने हाक मारायचा.

हराळी
काका, आपल्याकडचे पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. गिनीपिग पाळीव प्राणी आहे, त्याला ती अडचण नाही. आणि ताईंनी पोपटाबद्दल विचारलेलंच नाही.

चिंगीची_आई
@हराळी चिंगी मादी, अडीच-तीन वर्षांची. गेली तीही मादीच होती. त्यांच्याकडच्या तिन्ही माद्या आहेत असं म्हणाले. आमचा पिंजरा दुकानातून घेतलेला, मध्यम आकाराचा. चिंगी खाते, पण कमी. कशाने गेली ते आता उगाळून काय उपयोग? सर्दी झाली होती, दवाखान्यात औषध दिलं, पातळ शी होऊन दोन दिवसांत गेली. आता पुढचं सांगा ना, घेऊ की नको?

गोळी_बाटली
थांबा. कुठलं औषध? मी फार्मसीवाला आहे. बी. फार्म.ला गिनीपिगच्या आतड्यावर हिस्टामिनचे प्रयोग करायचो, त्यामुळे या प्राण्याशी जुनी ओळख. बाटलीवर अमॉक्सिसिलिन लिहिलंय का ते बघा.

चिंगीची_आई
हो, तेच आहे.

गोळी_बाटली
मग ऐका, हे उगाळणं नाही. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं गिनीपिगला तोंडाने दिली तर आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, वाईट वाढतात आणि जुलाब होऊन प्राणी दगावतो. कुत्र्यामांजराला चालणारं औषध यांना चालत नाही. शहरात गायी-म्हशी आणि कुत्री बघणारे डॉक्टर भरपूर, हा प्राणी क्वचितच त्यांच्यासमोर येतो. म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर आधी तुम्हीच विचारा, यात पेनिसिलिन आहे का.

दुसरं असं की मुळात सर्दी होती. ती चिंगीला असू शकते, वरून दिसत नसली तरी. मग नवे तीन आणून थेट तिच्यात सोडले तर तिघांनाही लागण. नाहीतर उलटं, त्यांचं काहीतरी तिला.

बार्शीकर
@पप्पू "बघता बघता घर भरलं" हे तुम्ही कौतुकाने सांगताय. त्या भरलेल्या घरातले पुढे कुठे गेले?

पेठेतला_पप्पू
वाटले की सगळ्यांना. शेजारी, भाच्याला, शाळेत. त्यात काय एवढं?

बार्शीकर
त्यातला एखादा वाटत वाटत माझ्याकडे आला होता, म्हणून विचारलं. तुमचाच असं म्हणत नाही. खोक्यात घालून दिलेला, सोबत ज्वारीचे दाणे. पायाला जखमा, दात वेडेवाकडे वाढलेले. यांचे दात जन्मभर वाढतात हो, दिवसभर गवत चावलं तरच झिजतात. काकडीच्या सालांनी काय झिजणार! ताई, खर्च सालांचा नसतो, गवताचा असतो. दिवसरात्र पुढ्यात वाळलेलं गवत पाहिजे.

पेठेतला_पप्पू
कडबा आहे की. सोलापुरात कडब्याला काय तोटा?

बार्शीकर
कडब्याची ताटं टणक, त्यांच्या तोंडात-डोळ्यात टोचतात. आणि कोवळी हिरवी ज्वारी तर चुकूनही नको. किराळ (कोवळ्या ज्वारीतलं विष) लागून बैल आडवा होतो, हा किलोभराचा जीव कुठे टिकणार? हराळीचं गवत द्या, स्वच्छ जागेचं, फवारणी नसलेलं. लसूणघास रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त, मोठ्यांना मूतखडे होतात. ढोबळी मिरचीची फोड रोज द्या. माणसासारखंच त्यांच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, बाहेरूनच द्यावं लागतं.

हराळी
मूळ प्रश्नाकडे या. माझं मत स्पष्ट आहे: एकटी ठेवू नका. हे कळपात राहणारे प्राणी आहेत. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून एकटा गिनीपिग ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. माणसाने कितीही मांडीवर घेतलं तरी दुसऱ्या गिनीपिगची जागा भरून निघत नाही. पण आधी चिंगीचं वजन करा, भाजीच्या काट्यावर. "कमी खाते" हे दुःखानेच असेल असं नाही, दात किंवा सर्दी असू शकते. आणि पूर्ण दिवस खाल्लं नाही तर तातडीने दवाखाना, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

दुकानातला "मध्यम" पिंजरा बहुतेक सशाच्या पिल्लाचा असतो. दोघींना निदान चार फूट बाय दोन फूट सपाट जागा लागते, तिघी-चौघींना त्याहून मोठी. तळाला जाळी नको.

आणि "माद्या आहेत असं म्हणाले" यावर जाऊ नका. कोणी बघितलं? यांच्यात नर-मादी ओळखताना दुकानदार सर्रास चुकतात. फोटो मागवा.

सातरस्ता
विषयांतर होतंय, पण कोणी उन्हाचं बोललंच नाही. सगळे पुण्या-मुंबईचे दिसताय. ताई, तुमचं घर कसलं? मार्च संपत आलाय, आत्ताच चाळीसला टेकलंय. या प्राण्याला २४-२५ अंशांपर्यंत बरं वाटतं, तिशीच्या पुढे जीव कासावीस होतो. आमच्या आजोळी माळवदाचं घर होतं, मे महिन्यात दुपारी आत गारवा. स्लॅबखाली तसं होत नाही.

चिंगीची_आई
वरचा मजला, स्लॅबच आहे. हॉलमध्ये कूलर आहे. मागचे दोन उन्हाळे दोघींनी काढलेत.

निवांत_काका
माळवदावरून आठवलं, पांढऱ्या मातीचा थर दरवर्षी द्यायचे. आता ती माती टाकणारे गडीही राहिले नाहीत.

सातरस्ता
हो काका, खरंय. ताई, कूलरसमोर पिंजरा ठेवू नका. खाली अंथरलेलं दमट होतं, बुरशी धरते, पुन्हा सर्दी. खोलीच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावा, पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, त्यावर पोट टेकून पडतात. पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून फडक्यात गुंडाळून आत ठेवा. लाईट गेली तरी दुपार निघते. तोंड उघडून धापा टाकायला लागली तर साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं अंगावर, बर्फाचं पाणी नाही, आणि लगेच दवाखाना. आणि नळाला रोज पाणी येत नाही हे धरून चला. एकीची चादर-फडकी धुणं आणि चौघींची धुणं यात फरक आहे.

चिंगीची_आई
फोटो टाकलेत, बघा. चिंगीचं वजन ७४० ग्रॅम भरलं. आधीचं माहीत नाही.

हराळी
७४० मोठ्या मादीला कमीकडेच, पण घाबरण्यासारखं नाही. रोज सकाळी एकाच वेळी बघा.

फोटोतला तिसरा, पांढरा-तपकिरी, नर आहे. शंका नाही.

बार्शीकर
मलाही नरच वाटतो. हे तिघे एकत्र किती दिवस आहेत?

चिंगीची_आई
पहिल्यापासून एकत्रच. बहीणभाऊ असावेत. एका ठिकाणहून आणलेले.

बार्शीकर
बहीणभाऊ असल्याने त्यांना काही फरक पडत नाही. ताई, म्हणजे तुम्ही तीन घेताय असं समजू नका. दोन्ही माद्या गाभण असू शकतात. साधारण दोन महिने ते सव्वादोन महिने गाभणपण, एका वेताला दोन-चार पिलं. व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा फळू शकते. नर पिलं तीन आठवड्यांची झाली की तीही तयार. असं घर भरतं, पप्पूशेठ.

पेठेतला_पप्पू
बरं, माझं चुकीचं असेल. पण मग नराला काय रस्त्यावर सोडायचं?

गोळी_बाटली
नराचं खच्चीकरण होऊ शकतं, पण भूल देण्याचा अनुभव असलेला डॉक्टर पाहिजे आणि त्यानंतरही पाच-सहा आठवडे तो माद्यांपासून वेगळाच. अमॉक्सिसिलिन देणाऱ्याच्या हातात हे काम मी देणार नाही. आणि चिंगी अडीच वर्षांची, कधी व्यायलेली नाही. या वयात पहिल्यांदा गाभण राहिली तर ओटीपोटाची हाडं सैल होत नाहीत, पिलू अडतं. तिच्या बाबतीत हा प्रश्न जिवाचा आहे. नर तिच्या पिंजऱ्यात एक तासही नको.

चिंगीची_आई
हे कोणीच सांगितलं नव्हतं. त्या वहिनींना फोन केला, त्यांनाही माहीत नव्हतं. मग मिस्टर म्हणतात तेच बरोबर का? घेऊच नको?

हराळी
नाही. नर नको, एवढंच. दोन्ही माद्या घ्या. त्या एकमेकींच्या सवयीच्या आहेत, त्यांना तोडून एकच आणलीत तर तीही बिचारी एकटी पडेल. तिघींना पुरेल एवढी जागा करा. मिस्टरांना सांगा, हे पाच-सात वर्षं जगतात, चिंगीची निम्मी उरली आहेत. ती एकटीने काढायची का, हा प्रश्न आहे.

बार्शीकर
मी असतो तर थांबलो असतो. उन्हाळ्यात, वरच्या मजल्यावर, कदाचित गाभण असलेल्या दोन माद्या. जूनमध्ये पाऊस पडल्यावर एखादी मादी बघा.

हराळी
दोन महिने चिंगी कोपऱ्यात बसू दे म्हणता?

बार्शीकर
दोन मेलेल्यांपेक्षा एक उदास बरी म्हणतो.

सातरस्ता
तुम्ही दोघं भांडू नका. ताई, खाली कोणी राहतं का? तळमजला असेल तर अर्धा प्रश्न सुटतो.

चिंगीची_आई
खाली सासूबाई आहेत. त्यांची मधली खोली थंड असते. वासाचं म्हणत होत्या, पण विचारते.

...

विचारलं. रोज सकाळी साफ करणार असू तर हो म्हणाल्या. मग ठरलं. दोन्ही माद्या घेतोय. नर वहिनींच्या भावाकडे विजापूर रोडला जाणार, त्याला दुसऱ्या नराची सोबत शोधणार आहेत. नव्या दोघी खाली मधल्या खोलीत, चिंगी तीन आठवडे वरच, कूलर लांब ठेवून. आधी नव्यांना खाऊ घालायचं की चिंगीला?

गोळी_बाटली
आधी चिंगी, मग हात साबणाने धुऊन खाली. नव्या दोघींना या आठवड्यातच डॉक्टरांकडे दाखवा, गाभण आहेत का पोट चाचपून कळेल, नाहीतर सोनोग्राफी.

हराळी
तीन आठवड्यांनी चिंगीला खालीच न्या. दोघींच्या पिंजऱ्यात टाकू नका, तिघींनाही नवी अशा मोकळ्या फरशीवर, मध्ये गवताचा ढीग घालून सोडा. दात वाजवतील, घुर्र करत मागे लागतील, ते चालतं. रक्त आलं तरच वेगळ्या करा, तेही हात न घालता, टॉवेल टाकून.

पेठेतला_पप्पू
ताई, चार बाय दोनचा पिंजरा बाजारात मिळायचा नाही. आमच्याकडे प्लायवूडचे उरलेले तुकडे आहेत, शनिवारी येऊन मोजमाप देऊन जा, कडा घासून देतो. पैसे नकोत.

चिंगीची_आई
शनिवारी सकाळी येते. तिघींना पाच बाय दोन जमेल का?