ग्रोमेट नेमकं कशाला म्हणायचं? रबरी रिंगेला की पितळी कडीला?

कोरडवाहू_७
कृषिपंपाच्या स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत केबल घ्यायला दोन भोकं पाडायची आहेत. दुकानात ग्रोमेट मागितलं तर खाचेची रबरी रिंग देतात. ताडपत्रीवाले पितळी कडीलाच ग्रोमेट म्हणतात. दोन्हींना एकच नाव कसं? आणि माप कुठलं सांगायचं? केबल बाहेरून ११ मिमी, पत्रा १.६ मिमी.

पॅनेल_वायरमन
काम एकच, म्हणून नाव एक. भोकाची कड आणि त्यातून जाणारी वस्तू एकमेकांना घासू नयेत, एवढ्यासाठी ग्रोमेट. पत्र्याची धार केबल कापते, म्हणून तिथे मऊ रबर. ताडपत्रीत उलटं: दोरी कापड फाडते, म्हणून धातूची कडी.

नुसतं 'चौदाचं द्या' म्हणू नका. कुणी आतलं भोक धरतं, कुणी पत्र्याचं. आतला व्यास, खाचेतला व्यास, खाचेची रुंदी अशी तीनही मापं व्हर्नियरने बघा. तुम्हाला आतला ११ आणि खाच १.६ मिमीची हवी. खाचेतला व्यास हेच पत्र्याच्या भोकाचं माप, म्हणून आधी ग्रोमेट आणा, मग ड्रिल हातात घ्या. खाच अरुंद असेल तर ते बसतच नाही. रुंद असेल तर फिरत राहतं आणि केबल ओढली की निघून येतं.

भोक पाडल्यावर कड गोल कानशीने घासा आणि प्रायमर लावा, नाहीतर गंज रबराखालून पसरतो. ग्रोमेट साबणाच्या पाण्याने सरकवा. तेल-ग्रीस लावलं तर साधं रबर आणि ईपीडीएम (ऊन सोसणारं कृत्रिम रबर) फुगतं. उन्हातल्या पेटीला ईपीडीएम घ्या. स्वस्त पीव्हीसी उन्हाने कडक होऊन तडकतं. जिथे तेल उडतं तिथे मात्र नायट्राइल, म्हणजे तेल सोसणारं रबर.

कोरडवाहू_७
मेनची केबल गोल आहे, पण मोटारीकडे जाणारी सबमर्सिबलची चपटी. तिलाही हेच चालेल?

तारतंत्री
नाही. गोल ग्रोमेटात चपट्या केबलच्या दोन्ही बाजूंना फट राहते. तिथून पाणी, मुंग्या, पाली आत जातात, आणि पाल कॉन्टॅक्टरमध्ये (मोटार चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचमध्ये) अडकली की फेज जातो. चपट्या केबलसाठी लांबट भोकाच्या रबराचं ग्लँड (केबलीवर आवळायचा जोड) मिळतं, तेच लावा.

ग्रोमेट केबल धरत नाही, हेही लक्षात ठेवा. ओढ बसली तर ती थेट टर्मिनलवर येते. त्यामुळे ग्रोमेट वापरलंत तर आत क्लॅम्प हवाच. ग्लँड केबल आवळतं आणि पाणीही अडवतं. उघड्यावरच्या पेटीत मी दोन्ही केबलींना ग्लँडच सुचवेन. ग्रोमेट आतल्या कप्प्यांसाठी ठीक.

भोकं पेटीच्या तळाला पाडा, माथ्यावर कधीच नाही. आत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या टोकाशी गळून जातं. ड्रिल करण्याआधी मेन बंद करून कॉन्टॅक्टरवर कापड घट्ट झाका. लोखंडाचा चुरा कॉन्टॅक्टमध्ये गेला तर स्टार्टर गुणगुणतो आणि कॉन्टॅक्ट जळतात. आणि सुट्या तारा घेणार असाल तर तिन्ही फेज एकाच भोकातून न्या. लोखंडी पत्र्यात प्रत्येक फेजला वेगळं भोक दिलं तर पत्रा तापतो.

कडी_पंच
ताडपत्रीबद्दल थोडं. आयलेट ही कडी एकाच तुकड्याची असते, ग्रोमेटचे दोन तुकडे: पुढून नळीचा, मागून वॉशर. आयलेट नुसत्या कापडाला धरतं, म्हणून जोराच्या वाऱ्यात उपटतं. काठ दुमडून, आत दोरी घालून शिवा आणि दर तीन फुटांवर ग्रोमेट ठोका. कोकणात पितळीच घ्या, लोखंडी कडी गंजते आणि भोवतीचं कापड कुजवते.

रिकामा_डाय
भोक किती मोठं पाडायचं? नळीएवढंच ना?

कडी_पंच
नळीपेक्षा किंचित लहान, म्हणजे कापड ताणून बसतं. मोठं झालं तर वॉशरला धरायला कापडच उरत नाही. नळीचा तुकडा वरून घाला, वॉशर मागे ठेवा, डाय (ठोकायचा साचा) सरळ धरून दोन-तीन दमदार ठोके द्या. डाय तिरका धरला की नळी एका बाजूला चिरते, आणि ती चीर दोरी कापते. बसल्यावर बोटांनी फिरवून बघा: फिरलं तर अजून एक ठोका.