अपघाताचा रुग्ण, वय आणि रक्त गोठणं: आयएनआर नॉर्मल, मग पुढे काय?

सर्जरी_पीजी_पुणे
समजा पुण्यातल्या नवले पुलावरच्या अपघातातून आणलेला पंचविशीचा बाइकवाला आणि घरात पडलेल्या ८० वर्षांच्या आजी, दोघांचेही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) आणि प्लेटलेट नॉर्मल, फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन) दोघांचंही २२० मिग्रॅ/डेसिलि. वयानुसार रक्त पातळ होतं का? रिपोर्ट वेगळा वाचायचा का? टीएक्सए (ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, रक्तस्राव थांबवणारं औषध) आणि एनॉक्सापॅरिन (गुठळ्या होऊ न देणारं इंजेक्शन) यांचे डोस बदलायचे का?

कोअ‍ॅग_लॅब
पातळ नाही, उलट जास्त गोठतं. वयाबरोबर फायब्रिनोजेन, फॅक्टर आठ, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर ही रक्त गोठवणारी प्रथिनं वाढत जातात. गुठळी विरघळवणाऱ्या यंत्रणेला रोखणारं पीएआय-१ ही वाढतं. टीईजी (गुठळी कशी बनते ते आलेखात दाखवणारी तपासणी) काढलात तर एमए, म्हणजे गुठळीची कमाल ताकद, तरुणापेक्षा मोठा येण्याकडे कल असतो.

आता तुमचे २२०. रेंज २०० ते ४००, म्हणून दोघेही नॉर्मल छापून येतात. पण आजींचं नेहमीचं ३८० असेल तर बरंच खर्ची पडलंय. बाइकवाल्याचं मुळात २४० असेल तर काहीच नाही. जुना रिपोर्ट सहसा नसतोच, म्हणून तासा-दोन तासांनी पुन्हा पाठवा. घसरण दिसली की समजा आतून रक्त चाललंय.

सॅम्पलबद्दलही सांगतो. म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही, मग निळ्या बुचाची ट्यूब अर्धीच भरून येते. २.७ मिलि रक्ताला ०.३ मिलि सायट्रेट (ट्यूबमधलं रक्त गोठू न देणारं द्रव्य) हे प्रमाण बिघडलं की पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासण्या; आयएनआर पीटीवरूनच काढतात) खोटेच लांबतात. खुणेपर्यंत भरा, नाहीतर पाठवू नका. हेपरिनने फ्लश केलेल्या लाइनमधून तर नकोच. शिवाय मशीन ३७ अंशांवर चालतं. रुग्ण ३४ अंशांवर गारठलेला असेल तर त्याचं रक्त शरीरात नीट गोठत नसतं आणि कागदावर सगळं छान दिसतं.

भूल_आयसीयू
मग म्हातारे रक्तस्रावाने का जातात? बहुतेकदा गोळ्यांमुळे. त्यात मेंदू आक्रसल्याने ताणलेल्या शिरा पटकन फाटतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (प्लेटलेटचं काम रोखणाऱ्या गोळ्या) आयएनआरमध्ये दिसतच नाहीत, अ‍ॅपिक्सबॅन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरही पीटी नॉर्मल येऊ शकतो. नातेवाईक ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ एवढंच सांगतात. केमिस्टने कापून दिलेल्या पट्टीवर नाव उरलेलं नसतं. शेजाऱ्यांकडून डब्याचा आणि चिठ्ठीचा फोटो मागवा. कोलेस्टेरॉलची म्हणून घेतलेल्या कॅप्सूलमध्येही अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल असू शकतं, तेही बघा.

टीएक्सएचा डोस वयाने बदलत नाही: १ ग्रॅम १० मिनिटांत, मग १ ग्रॅम ८ तासांत. अट एकच, दुखापतीपासून ३ तासांच्या आत. २०१० च्या क्रॅश-२ या टीएक्सएच्या मोठ्या चाचणीत ३ तासांनंतर दिलेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढले होते. मुलं परदेशी, आजी एकट्या, आणि सकाळी कामवाल्या मावशींनी बेल वाजवल्यावर कळतं. अशा वेळी ‘आत्ताच पडल्या’वर विश्वास ठेवू नका, शेवटचं कोण कधी बोललं ते विचारा.

सर्जरी_पीजी_पुणे
आजी वॉरफरिनवर (रक्त पातळ करणारी गोळी) असतील तर एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) चालेल?

भूल_आयसीयू
पीसीसी (रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरांचं घट्ट इंजेक्शन) नसेल तरच. ५० किलोच्या आजींना किलोमागे १५ मिलि म्हणजे ७५० मिलि. प्लाझ्मा वितळायला अर्धा तास, आणि कमजोर हृदयाला एवढं पाणी झेपत नाही, फुप्फुसं भरतात. चार-फॅक्टर पीसीसी आयएनआरप्रमाणे किलोमागे २५ ते ५० युनिट, सोबत व्हिटॅमिन के १० मिग्रॅ शिरेतून सावकाश. के विसरलात तर पीसीसीचा असर ओसरल्यावर आयएनआर पुन्हा चढतो. वॉरफरिनसारखीच गोळी असलेल्या अ‍ॅसिट्रोमलाही हेच.

ऑर्थो_वॉर्ड
रक्त थांबलं की दुसरी बाजू सुरू होते. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी पलंगावर पडून, त्यात रक्त मुळात गोठणारं. डीव्हीटीची (पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याची) सगळी तयारीच. एनॉक्सापॅरिन देताना नुसतं क्रिएटिनिन बघू नका. ८० वर्षं, ५० किलो, स्त्री, क्रिएटिनिन १.१: (१४० वजा ८०) × ५० भागिले (७२ × १.१), गुणिले ०.८५. क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, येतो मिनिटाला ३२ मिलि. रिपोर्टवर तारांकनसुद्धा नसतं! ३० च्या खाली गेला की रोजचे ४० मिग्रॅ जास्त होतात, कमी करा किंवा साधं हेपरिन द्या. स्पायनल (कण्यातून भूल) द्यायचं असेल तर आदल्या प्रतिबंधक डोसनंतर १२ तास थांबा.

डोक्याला मार असेल तर दुसरा सीटी स्थिर दिसेपर्यंत पायाला हवेच्या दाबाचा पंप, एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन न्यूरोसर्जनला विचारूनच.

सर्जरी_पीजी_पुणे
आणि डी-डायमर (गुठळी विरघळल्यावर उरणारे तुकडे मोजणारी तपासणी)?

कोअ‍ॅग_लॅब
पाठवू नका. पन्नाशीनंतर वय × १० ही नॉर्मलची वरची मर्यादा ओपीडीतल्या रुग्णासाठी ठीक. हाड मोडलेल्या प्रत्येकाचा वाढलेलाच येतो. पाय सुजला तर सरळ डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करा.