तोरणा-राजगड एका दिवसात : "सहा तास आणि दोन लिटर पाणी" सांगणाऱ्यांना

सह्यवाट
काल एका मुलाने विचारलं, "तोरणा आणि राजगड एकाच दिवशी करायचाय, आतापर्यंत फक्त सिंहगड झालाय, जमेल का?" त्यावर पायपीट यांचं उत्तर : "आरामात. सहा तास लागतात. दोन लिटर पाणी बास. नऊला वेल्ह्यातून निघालास तरी उजेडात गुंजवण्यात उतरशील." हे वाचून गप्प बसवेना.

वेल्हे हा तोरण्याचा पायथा, गुंजवणे राजगडाचा. वेल्ह्यातून तोरणा म्हणजे साधारण 700 मीटरची चढाई. बिनी दरवाजाखालचे कातळटप्पे रेलिंगमुळे सोपे झालेत, पण ऊन वर आलं की त्या सोंडेवर सावली सापडत नाही. मेंगाईच्या देवळापाशी टेकलं की वाटतं, झालं मोठं काम. ते तर पुढे असतं. कोकण दरवाजातून बुधला माची (माची म्हणजे गडाची लांब पसरलेली सोंड), तिथून लोखंडी शिडीने धारेवर उतरायचं, आणि मग चढ-उतार, चढ-उतार. राजगड समोर दिसत राहतो आणि तासभर चाललं तरी तेवढाच लांब. वाटेत भरवशाचं पाणी नाही.

नोव्हेंबरात माझा एक मित्र आला होता. रोज जिममध्ये जाणारा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पाणी दोन लिटर, कारण त्यालाही कोणीतरी "बास" म्हणून सांगितलं होतं. राजगडाच्या संजीवनी माचीच्या खालच्या चढाला त्याच्या दोन्ही मांड्यांत गोळे आले. उभं राहता येईना, बसताही येईना. माझ्या बाटलीत तळाला पाणी होतं, ते झाकणाने मोजून दिलं. एक झाकण त्याला, पाच मिनिटं थांबायचं, परत एक झाकण. चिमूटभर मीठ कुणाच्या तरी काकडीच्या डब्यात निघालं म्हणून निभावलं.

आणि संजीवनी माचीवरचा अळू दरवाजा आला की राजगड आला, हाही भ्रमच. तिथून माचीची उरलेली लांबी तुडवत पद्मावती माचीपर्यंत यायचं असतं, मग गड उतरायचा. नऊला निघालेला नवखा माणूस हे सगळं डिसेंबरच्या उजेडात करूच शकत नाही. साडेपाचला पायथा सोडा, चार लिटर पाणी घ्या, आणि त्याआधी एकदा नुसता तोरणा करा.

पायपीट
माझं नाव घेऊन लिहिलंत म्हणून उत्तर देतो. सहा तास मी हवेतून काढलेले नाहीत. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये आडाखा दिलाय, पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. वेल्हे ते गुंजवणे वीस किलोमीटर धरा, एकूण चढाई 1200 मीटर. चार अधिक दोन, सहा. मी आणि बायकोने 2019 च्या डिसेंबरात सव्वासहा तासांत केलंय, फोटोंवर वेळ आहे. सिंहगड-राजगड-तोरणा अशी शर्यत दरवर्षी होते, त्यात साधी नोकरी करणारी माणसं धावतात. तुमच्या मित्राला गोळे आले म्हणून सगळ्यांनी घाबरून घरी बसायचं का?

सह्यवाट
तो आडाखा स्कॉटलंडच्या थंड हवेतला, धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा. त्यात जेवण नाही, शिडीखालची रांग नाही, ऑक्टोबरची उष्णता नाही. शर्यतीत जागोजागी पाणी ठेवलेलं असतं. मुलाने "तुम्हाला किती वेळ लागला" असं विचारलं नव्हतं. "मला जमेल का" विचारलं होतं.

गडकोट
सहा तास की दहा तास, हा वादच मला पटत नाही. तोरणा 1403 मीटर, स्वराज्याच्या सुरुवातीच्या गडांपैकी एक. राजगड पाव शतकाच्या आसपास राजधानी. हे दोन गड एका दिवसात तुम्ही पाहता काय? तोरण्याची झुंजार माची राहते, राजगडाच्या सुवेळा माचीचं नेढं (कातळातलं आरपार भोक) राहतं, बालेकिल्ल्यावर "आता पाय उचलत नाहीत" म्हणून कोणी जात नाही. संजीवनीची चिलखती तटबंदी, एका भिंतीबाहेर दुसरी भिंत, लोक तिथे बूट काढून पाय चोळत बसतात आणि मागे वळून बघतही नाहीत. मी राजगडाला नऊ वेळा गेलोय, अजून पाली दरवाजा नीट पाहून झाला असं म्हणवत नाही.

मावळची लेक
गडकोट दादा, तुम्हाला नऊ वेळा जाता आलं. मला घरातून एका दिवसाची सुट्टी मिळते. पहाटे डबे भरून निघायचं आणि रात्री मुलीच्या झोपायच्या वेळेला घरात हवं. मुक्कामाचा ट्रेक लग्नानंतर एकदाही झालेला नाही. म्हणून मी एका दिवसात दोन्ही केले, आणि मला त्याची लाज नाही.

पाहिलं काय, ते सांगते. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला असं सांगतात. लहानपणापासून ऐकलं होतं. पण बुधल्यावरून निघून त्या धारेने स्वतःच्या पायांनी राजगडावर शिरले, तेव्हा हे दोन गड एकमेकांचे आहेत हे मला कळलं. दोन वेगळ्या रविवारी दोन गाड्यांनी गेले असते तर नसतं कळलं. मध्ये डांबरी रस्ता धार ओलांडतो तिथे नवऱ्याला गाडी घेऊन थांबवलं होतं, नाहीच झालं तर उतरून जायचं म्हणून. ही सोय कोणीच कशी सांगत नाही?

सह्यवाट
ताई, रस्त्याची खिंड मी लिहायला हवी होती. राहिली. पण तुमच्याकडे गाडी घेऊन थांबणारा माणूस होता, त्या मुलाकडे नाही.

पायपीट
मग ग्रुपबरोबर जावं की. दर शनिवार-रविवारी पाच-सहा बॅचेस असतात. लीडर असतो, जेवण असतं.

गुंजवण्याचा
ग्रुपचं नाव काढलंत म्हणून लिहितोय. मी पायथ्याचाच, आमच्याकडे जेवणं असतात. मागच्या पावसाळ्यात एका ग्रुपची अठ्ठावन्न माणसं तोरण्यावरून येणार होती. दोन लीडर, एक पुढं, एक मागं. दोघंही विशीतली पोरं. पिठलं-भाकरी करून आम्ही दुपारी तीनपासून वाट बघतोय. साडेआठला बावन्न आली. सहा कुठं आहेत ते लीडरला माहीत नाही. धुक्यात ढोरवाटेला लागली होती. माझा भाऊ आणि मी बॅटऱ्या घेऊन वर गेलो, रात्री एकला सापडली. एक मुलगी रडून रडून दमली होती, तिच्या बुटाचा तळ निघाला होता, ओढणीने बांधला होता. दुसऱ्या दिवशी त्या ग्रुपनं सगळ्यांचे हसरे फोटो टाकले. आमचा साधा उल्लेख नाही, आणि उरलेल्या सहा ताटांचे पैसेही दिले नाहीत.

खिंडीतला
मी स्वतः ट्रेक लीड करतो आणि हे वाचून राग येतोय. एका ग्रुपवरून सगळ्यांना झोडपणं बंद करा. आम्ही पंधराच्या वर माणसं घेत नाही, प्रथमोपचाराची पेटी असते, वेल्ह्यात हजेरी, शिडीखाली हजेरी, रस्त्याला हजेरी. फी नऊशे सांगितली की लोक म्हणतात, अमुक ग्रुप पाचशेत नेतो. पाचशेत नेणारा साठ माणसं नेणारच! स्वस्त शोधणाऱ्यांनी आधी स्वतःकडे बघावं.

गुंजवण्याचा
मी तुमचं नाव घेतलं नाही. तुम्हाला का लागलं?

खिंडीतला
लागलं, कारण मीही रात्री बॅटरी घेऊन दुसऱ्यांची माणसं शोधलीत.

गडकोट
राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्येच आलंय. ट्रेक नेणाऱ्यांनी नोंदणी करणं अपेक्षित आहे. बुकिंग करताना नोंदणी विचारतं कोण? फोटो बघतात आणि पैसे पाठवतात.

पायपीट
नोंदणीच्या कागदाने धुकं हटत नाही. अनुभवी माणूस हवा.

खिंडीतला
मग तुम्ही नवख्याला "आरामात" कसं म्हणालात?! मागे राहिलेल्याचं ओझं आम्ही उचलतो, नाहीतर गावातली माणसं, नाहीतर महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या फोनवर धावून जाणारे स्वयंसेवक. ही माणसं आपली झोप मोडून डोंगरात जातात.

मावळची लेक
दोघंही आवाज कमी करा. गुंजवण्याच्या दादांच्या सहा ताटांचे पैसे राहिलेत, त्याबद्दल कोणी एक शब्द लिहिला नाही. आणखी एक : राजगडावरून तोरण्याकडे जाणाऱ्यांना कोणी अडवत का नाही? संध्याकाळी दमलेल्या पायांनी बुधल्याचा चढ आणि अंधारात बिनीचा कातळ उतरायचा. तोरणा आधीच करावा.

पायपीट
यावर ताईंशी सहमत. आणि ठीक आहे, नऊची वेळ मी चुकीची सांगितली. आम्ही स्वतः सहाला निघालो होतो, लिहिताना ते डोक्यात नव्हतं. पाणीही थंडीत तीन लिटर म्हणतो. चार मात्र म्हणणार नाही, ते वजन पाठीवर घेऊन तोरणा चढायचा असतो.

सह्यवाट
तीन लिटर आणि मीठ-साखर. चालेल. सहा तास मात्र मागे घ्या.

पायपीट
माझे सहा तास माझेच राहतील. त्या मुलासाठी दहा धरा.

नवखा_ट्रेकर
प्रश्न माझाच होता. इतकं होईल असं वाटलं नव्हतं. आधी फक्त तोरणा करतो, पुढच्या रविवारी, स्वारगेटवरून पहिल्या एसटीने. बुधला माचीपर्यंत जाऊन वेळ लिहून ठेवतो. जोड ट्रेक त्यानंतर जानेवारीत. गुंजवण्याच्या दादा, तेव्हा जेवण तुमच्याकडे, दोन माणसांचं. पैसे आधी पाठवू का?

गुंजवण्याचा
आधी नको. पाली दरवाजानं उतरणार असाल तर तसं सांगा, ती वाट रुंद आहे, पण माझं घर त्या बाजूला नाही. चोर दरवाजानं उतरलात तर सरळ आमच्याकडे. तिथं रेलिंग धरूनच उतरायचं, अंधार पडायच्या आत.

सह्यवाट
अळू दरवाजाला किती वाजले ते जानेवारीत इथे लिही. चार वाजून गेले असतील तर बालेकिल्ला सोडून दे, थेट उतर.